दुसऱ्याच्या पोरांसाठी

साल १८२१. अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया राज्य. चॅरिटी बटलर ही गुलाम स्त्री स्वतःच्या आणि लेकरांच्या सुटकेसाठी कोर्टाच्या दारात आली आहे. बाहेरच्या राज्यातल्या मालकाने गुलामाला सलग सहा महिने इथे ठेवलं, तर तो मुक्त, असा इथला कायदा. चॅरिटी इथे राहिली होती, पण तुकड्यातुकड्यांनी. मालकाच्या वकिलाने 'सलग' या एका शब्दावर बोट ठेवलं आणि खटला जिंकला. आई आणि लेकरं पुन्हा गुलामीत गेली.

तो वकील म्हणजे थॅडियस स्टीव्हन्स. गुलामगिरीचे कट्टर वैरी म्हणून पुढे ज्यांचं नाव झालं, तेच. त्यांची गोष्ट सांगताना हा खटला गाळू नये, असं आम्हाला वाटतं.

स्टीव्हन्स १७९२ साली व्हरमाँटमध्ये जन्मले. एक पाय जन्मतःच अधू. वडील घर सोडून गेले. चार मुलांना आईने कष्ट करून वाढवलं, शिकवलं. १८१४ साली डार्टमथ कॉलेजची पदवी, मग गेटिसबर्गला वकिली, आणि १८३३ साली राज्याच्या विधिमंडळात प्रवेश.

११ एप्रिल १८३५. राजधानी हॅरिसबर्ग.

आदल्याच वर्षी सर्व मुलांसाठी सरकारी शाळांचा कायदा झाला होता. पण शाळेसाठी कर भरायचा म्हटल्यावर लोक बिथरले. माझ्या पैशाने दुसऱ्याची पोरं का शिकवायची? राज्याच्या सिनेटने, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाने, कायदा रद्द करायचं ठरवूनही टाकलं. त्याऐवजी काय, तर फक्त गरिबांच्या मुलांना फुकट शिक्षण.

खालच्या सभागृहात स्टीव्हन्स बोलायला उठले. ते म्हणाले, तुरुंग आणि फौजदारी कोर्टांसाठी शेतकरी कर भरतोच ना? त्याला स्वतःला कधी त्यांची गरज पडते? आणि गरिबांची वेगळी यादी करणारा कायदा म्हणजे गरिबांना डाग देणारा कायदा. वर्गात बसलेल्या पोराला आपलं नाव कुठल्या यादीत आहे हे कळत नसेल का? बापाविना वाढलेल्या माणसाला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

सभागृह फिरलं. शाळा वाचल्या.

१८३८ साली राज्याच्या नव्या घटनेत मतदार 'गोरा' असावा, अशी अट आली. मसुदा करणाऱ्या परिषदेत स्टीव्हन्स होते. त्यांनी सही केली नाही. पुढे वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये, म्हणजे देशाच्या संसदेत, गेल्यावर अमेरिकेच्या घटनेत सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी दुरुस्ती आणणाऱ्यांत ते आघाडीवर होते.

११ ऑगस्ट १८६८ रोजी ते गेले. लँकेस्टरमधल्या ज्या स्मशानभूमीत रंग पाहून मनाई नव्हती, तिथेच त्यांनी स्वतःसाठी जागा निवडली होती. मृत्युपत्रात अनाथाश्रमाची तरतूद होती. त्यात लिहिलं होतं: रंग न पाहता सगळ्या मुलांना एकाच वर्गात शिकवावं, आणि एकाच टेबलावर जेवायला वाढावं.