पाच सेंटीमीटर आणि ११४ किलो

नमस्कार! हे बघा, दोन बोटांमध्ये एवढं अंतर धरलंय. साधारण पाच सेंटीमीटर. नौकेच्या वेगावरून मी हिशोब केला, तर एवढ्यानंच इमोजेन ग्रँट आणि एमिली क्रेग या ब्रिटिश रोइंग जोडीचं टोकियो ऑलिम्पिकमधलं कांस्यपदक हुकलं.

२९ जुलै २०२१. लाइटवेट डबल स्कल्सची, म्हणजे दोघींनी प्रत्येकी दोन वल्ह्यांनी नौका वल्हवायच्या शर्यतीची फायनल, २००० मीटर. तिसऱ्या आलेल्या नेदरलँड्सची वेळ ६ मिनिटं ४८.०३ सेकंद. या दोघींची ६ मिनिटं ४८.०४. एक शतांश सेकंद! सुवर्ण जिंकणारी इटलीची जोडीसुद्धा अर्धा सेकंदच पुढे होती.

लाइटवेट म्हणजे काय? रोइंगमध्ये उंच, धिप्पाड खेळाडूंना फायदा होतो, कारण हातपाय लांब असले की वल्हं पाण्यात लांबवर ओढता येतं. म्हणून हलक्या खेळाडूंचा वेगळा गट. महिलांमध्ये कुणीही ५९ किलोच्या वर नको आणि जोडीची सरासरी ५७ च्या आत हवी. म्हणजे दोघी मिळून ११४. एक ५९ भरली, तर दुसरीला ५५ च्या वर जाता येत नाही! त्यात वजन होतं शर्यतीच्या एक ते दोन तास आधी. मला विचाराल तर खरी परीक्षा इथेच आहे. काट्यावरून उतरायचं, थोडं खायचं-प्यायचं आणि लगेच जीव तोडून वल्हवायचं.

इमोजेन केंब्रिजला डॉक्टर व्हायला गेली आणि रोइंग तिथेच शिकली. टोकियोनंतरही दोघी एकत्रच वल्हवत राहिल्या. २०२२ आणि २०२३, दोन्ही वर्षी जगज्जेत्या.

पण एक गोष्ट डोक्यावर होती. १९९६ मध्ये अटलांटात सुरू झालेली ही शर्यत २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये नाही. म्हणजे पॅरिस हुकलं, की संपलं.

२ ऑगस्ट २०२४. वेळ ६ मिनिटं ४७.०६. टोकियोपेक्षा जेमतेम एक सेकंद कमी, पण दुसऱ्या आलेल्या रोमानियाच्या दीड सेकंदाहून जास्त पुढे.

वल्हवणाऱ्याचं तोंड मागच्या बाजूला असतं, हे लक्षात घेऊन ती फायनल बघा. जो पुढे असतो, त्यालाच बाकीचे दिसतात. शेवटची रेषा ओलांडताना इमोजेन आणि एमिलीला बाकीच्या पाचही नौका समोर दिसत होत्या.