बुटाला चिकटलेलं मेण

श्रोतेहो, नमस्कार.

आज काझुओ इनामोरी या जपानी माणसाविषयी बोलायचं आहे. जन्म १९३२ चा, कागोशिमाचा. लहानपणी क्षयानं गाठलं, त्यातून वाचले. १९५५ मध्ये रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि क्योतोला विजेचे इन्सुलेटर बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. तिथे पगारसुद्धा वेळेवर होत नसे. बरोबरीची मुलं एकेक करून सोडून गेली. हे मात्र राहिले.

काम होतं फॉर्स्टराइटचं. टीव्हीच्या ट्यूबमध्ये लागणारा हा सिरॅमिक पदार्थ. त्याची भुकटी इतकी कोरडी, की साच्यात धरतच नसे. चिकटपणासाठी चिकणमाती मिसळावी, तर मालात भेसळ होई. एके दिवशी प्रयोगशाळेत त्यांचा पाय पॅराफिनच्या भांड्याला अडखळला आणि मेण बुटाला चिकटलं. तेच त्यांनी भुकटीत मिसळून तापवलं, साच्यात दाबलं. घाट टिकला. आणि भट्टीत गेल्यावर मेण जळून नाहीसं झालं, मागे फक्त शुद्ध सिरॅमिक! मला वाटतं, तो प्रश्न रात्रंदिवस डोक्यात घोळत नसता, तर त्यांनी नुसता बूट पुसला असता.

१९५९ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. माणसं २८. तीच पुढे क्योसेरा झाली. दोनच वर्षांनी अकरा तरुण कामगार पगारवाढीची लेखी हमी मागत समोर उभे राहिले, नाहीतर राजीनामा. इनामोरी त्यांना घरी घेऊन गेले, तीन दिवस बोलत राहिले. मुलं थांबली, पण हे अंतर्मुख झाले. कंपनी आपलं तंत्रज्ञान जगाला दाखवायला काढली होती. आता तिथल्या माणसांचं सुख हेच तिचं पहिलं उद्दिष्ट ठरलं.

पुढे १९८४ मध्ये दूरसंचार कंपनी, १९९७ मध्ये झेन मठात दीक्षा. आणि २०१० मध्ये जपान एअरलाइन्स दिवाळखोरीत गेली, तेव्हा ती सावरण्यासाठी सरकारनं त्यांनाच गळ घातली. वय ७८, विमानाच्या धंद्याचा अनुभव शून्य. त्यांनी प्रत्येक मार्गाचा नफातोटा वेगळा मांडायला लावला. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, हेही खरं. पण सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनी पुन्हा शेअर बाजारात आली.

या कामाचा त्यांनी एक येनही पगार घेतला नाही. २०१३ मध्ये संचालकपद सोडलं आणि ते बाजूला झाले.