सत्ती एक, कॅट तीन

(दृश्य : अमळनेर तालुक्यातलं गाव. आखाजीचा दुसरा दिवस. लिंबाच्या पारावर पत्त्यांचे डाव रंगलेत.)

पंचांगात अक्षय्य तृतीया असते. खान्देशात मात्र आखाजी येते. लेकीबाळी माहेरी, झाडाला झोके, घरात सांजोऱ्या नि आंब्याचा रस. आणि बाप्यांसाठी पत्ते. एरवी वर्षभर पानाला हात न लावणारा माणूससुद्धा या दोन-तीन दिवसांत झन्नामन्नाच्या डावाला मांडी घालून बसतो.

मी जळगावात राहते. दिवसा नोकरी, संध्याकाळी टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगणं. आखाजीला आई माहेरी निघते आणि तिच्या मागे मी. या वेळी पिशवीत टॅरोचे तीन कॅट होते. ही चित्रफीत त्या तीन कॅटांची आहे. आणि थोडी मामाची.

(दृश्य : ओसरी. गोणपाटावर पत्ते पिसणारे हात.)

मामाचा प्रश्न सरळ होता. विहिरीला अजून पाणी आहे. बागायती कपाशी आत्ताच लावून टाकावी की पावसाची वाट बघावी? "औंदा कपाशी लावानी का नही, इचार तुना पत्तास्ले," म्हणाला. अर्धी चेष्टा, अर्धी खरी काळजी. मागच्या साली बोंडअळीनं त्याला नागवलं होतं.

मी पहिला कॅट काढला, रायडर-वेट-स्मिथ. भारतात टॅरो शिकणारे बहुतेक जण सुरुवात करतात ती याच्यावरच. पिसलं, काटलं, एक पान उचललं. नाण्यांची सत्ती.

(दृश्य : पान जवळून.)

कुदळीसारख्या काठीवर रेलून एक तरुण उभा आहे. समोर हिरवं झुडूप, झुडपावर सहा नाणी आणि सातवं त्याच्या पायाशी. मामा वाकला, चष्मा सावरला. "हाऊ गडी कपाशी देखी राहिना."

मला पुढे काही सांगावंच लागलं नाही. कष्ट करून झालेत, आता बघत उभं राहायचं, हे त्या चित्रातच आहे. हा कॅट १९०९ साली लंडनमध्ये छापला गेला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. स्मिथबाईंनी काय केलं, तर एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या चाळीसही पानांवर देखावे काढले. त्याआधी पंधराव्या शतकाच्या शेवटी इटलीत सोला-बुस्का नावाच्या कॅटात असा प्रयोग झाला होता. बाकी जुन्या कॅटांत सत्ती म्हणजे सात खुणा, बस्स.

बाईंनी एका पत्रात लिहून ठेवलंय की काम प्रचंड, पैसे अगदीच थोडे. त्या १९५१ मध्ये गेल्या. कॅटाच्या नावात प्रकाशक रायडर होता, लेखक वेट होता. चित्रकर्तीचं नाव कितीतरी दशकं नव्हतंच. मी ऑनलाइन मागवलेला पहिला कॅट नक्कल निघाला. पानं पापडासारखी आणि कोपऱ्यातली बाईंची वळणदार सही छाटलेली. तेव्हा मला ती सही आहे हेच ठाऊक नव्हतं. अस्सल कॅट हातात आल्यावर कळलं की नकलेत काय गेलं होतं.

(दृश्य : त्या पानाशेजारी दुसऱ्या कॅटातलं पान ठेवलं जातं.)

मग मला खोड सुचली. उरलेल्या दोन कॅटांतून हीच सत्ती शोधून काढली आणि तिन्ही पानं शेजारी शेजारी मांडली.

दुसरं पान थॉथ कॅटाचं. शिशासारखी जड, काळवंडलेली सात नाणी आणि खाली इंग्रजीत एकच शब्द छापलेला : फेल्युअर. अपयश. मामाला शब्द वाचून दाखवला तेव्हा त्याचा चेहरा असा उतरला की मला स्वतःचाच राग आला.

हा कॅट अलिस्टर क्रोली यांचा. चित्रं लेडी फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ अशी पाच वर्षं खपून काढली. क्रोली १९४७ मध्ये गेले, हॅरिसबाई १९६२ मध्ये, आणि त्याही आपल्या श्रीनगरला. कॅट छापून बाजारात आला १९६९ मध्ये. दोघांनीही तो पाहिला नाही.

आता गंमत बघा. वेट काय, स्मिथबाई काय, क्रोली काय, तिघंही लंडनच्या एकाच गूढविद्या मंडळाचे, गोल्डन डॉनचे सभासद होते. त्या मंडळात या सत्तीचं नाव होतं, 'न फळलेलं यश'. स्मिथबाईंनी त्यातून वाट बघणारा माणूस काढला आणि क्रोलींनी सरळ निकालच लावला. बी एकच, पण जमीन बदलली.

थॉथमध्ये या पानाला वृषभेतला शनी दिलाय. हे ऐकून मामा दचकलाच. शनीचं नाव काढल्यावर कोण दचकणार नाही? पण आपल्याकडचा जोशी वृषभ लग्नाला शनी योगकारक सांगतो, शुक्राच्या घरातला मित्र मानतो. म्हणून माझा एक नियम आहे. थॉथ मांडलेला असताना आपलं पंचांग मिटून ठेवायचं. दोन्ही एकत्र कालवलं की ताक ना दही.

असं कालवून मी एकदा तोंडघशी पडले आहे. एक बाई वाटणीचा प्रश्न घेऊन आल्या होत्या. थॉथमधून नाण्यांचा नाइट निघाला. मी वेटच्या सवयीनं सांगून बसले, घरातला एक तरुण, सावकाश पण मेहनती. बाई म्हणाल्या, "आमच्या घरात तरुण कोणी नाहीच हो. सत्तरीचे सासरे आहेत, सातबारा त्यांच्याच नावावर." वेटच्या कॅटात चढण गुलाम, घोडेस्वार, राणी, राजा अशी आहे. थॉथमध्ये राजा नाहीच. घोड्यावर बसलेला नाइटच घरातला वडीलधारा आणि त्याच्या खाली राणी, प्रिन्स, प्रिन्सेस. पान बरोबर आलं होतं, मीच दुसऱ्या घराच्या नात्यानं त्याला हाक मारली.

आकड्यांचाही असाच घोळ आहे. माझा तिसरा कॅट जुन्या मार्सेय घाटाचा. त्यात चित्रांच्या पानांपैकी आठवा न्याय आणि अकरावी शक्ती, म्हणजे सिंहाचं तोंड धरणारी बाई. वेटनी ही जोडी उलटी केली. जन्मतारखेच्या बेरजेवरून पान सांगणाऱ्यांनी आधी समोर कोणता कॅट आहे ते बघावं, नाहीतर कोर्टाच्या तारखेला निघालेल्या माणसाला सिंहाचं तोंड दाखवाल.

(दृश्य : तिसरं पान. लाल, पिवळा, निळा रंग.)

तिसरी सत्ती मार्सेयची. फ्रान्सच्या मार्सेय शहरातल्या निकोला कोनव्हेर यांच्या, १७६० साल कोरलेल्या ठशांबरहुकूम आजही हा कॅट छापतात. पानावर सात नाणी आणि मधून फिरलेली वेलबुट्टी. माणूस नाही, शब्द नाही. पान उलटं आलंय की सुलटं, तेही चटकन कळत नाही.

वेटवरून मार्सेयवर येणारा जो तो इथे अडखळतो. मीही सहा महिने अडखळले. प्रत्येक पानावर मनातल्या मनात स्मिथबाईंचं चित्र चिकटवायची आणि मग ते वाचायची. हे म्हणजे अहिराणी बोलताना आधी पुण्याची मराठी जुळवून घेण्यासारखं. जीभ चालते, पण बोलणं होत नाही.

मामाला मात्र हायसं वाटलं. "हाई बरं शे. आठे काहीच लिखेल नही."

साहजिकच आहे. आयुष्यभर ज्यानं चौकटची सत्ती हातात धरली, त्याला पानावर चित्र नसण्याचं काय नवल? युरोपात पत्ते चौदाव्या शतकात पोचले ते मामलुक सुलतानांच्या इजिप्तकडून, पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या घेऊन. पोलो कोणाला माहीत नव्हता, म्हणून काठ्यांचे दंडुके झाले. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत त्यात २१ चित्रांची पानं आणि एक वेडा अशी भर पडली. मेजर आर्काना म्हणून आम्ही ज्यांना नमस्कार करतो, ती मुळात हुकमाची पानं. हात मारायला केलेली. १७८१ मध्ये कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच पंडितानं हे प्राचीन इजिप्तचं गूढ ज्ञान असल्याचं ठोकून दिलं, आणि तिथून सगळ्यांचा सूर बदलला. फ्रान्समध्ये, ऑस्ट्रियात लोक आजही टॅरोचा डाव खेळतात, भविष्य न विचारता.

(दृश्य : देवघराजवळ मातीची घागर, वर छोटं भांडं, त्यावर आंबा. खाली मातीची चार ढेकळं.)

मार्सेय मला खरा उमगला तो आजीमुळे. आखाजीला आमच्याकडे पितरांची घागर भरतात. आजी घागरीखाली शेतातली चार ढेकळं ठेवते. आखाड, श्रावण, भादवा, आश्विन. घागर पाझरते. जे ढेकूळ जास्त भिजेल, त्या महिन्यात पाऊस बरा. ढेकळावर कुठे चित्र असतं? आजी एकट्या ढेकळाकडे बघतच नाही, चारही मिळून बघते. हे जास्त ओलं, ते त्याच्यापेक्षा कोरडं, म्हणजे खंड कुठे पडणार.

मार्सेयची सत्ती अशीच वाचायची. एकटी ती मुकी असते, शेजारी बसवले की बोलते. म्हणून मी तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पान काढलं. डावीकडे पेल्यांची दुर्री आली. उजवीकडे तेरावं.

(दृश्य : तेरावं पान, बराच वेळ.)

कोनव्हेरच्या कॅटात या पानाला आकडा आहे, नाव नाही. लांब दांड्याचं पातं घेऊन सांगाडा कापणी करतोय. जमिनीवर मुंडकी, हात, पाय आणि त्यांच्यामधून उगवलेली रोपटी. वेटच्या कॅटात हाच मृत्यू चिलखत घालून पांढऱ्या घोड्यावर येतो, समोर धर्मगुरू हात जोडून उभा. ते चित्र बघून माणसं गप्प होतात. इथे मी स्वतःच गप्प झाले. सणाच्या दिवशी, मामासमोर, हे पान.

मामानं पान उचलून उजेडात धरलं. सांगाड्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. पानाच्या तळाला रंग गच्च काळा आहे, त्यावर त्यानं अंगठा फिरवला.

"जमीन तं कपाशीनी शे."

मी सांगितलं ते एवढंच : दोघांचा करार दिसतोय, मध्ये पैसा, पुढे कापून टाकायचं काहीतरी. मामा विचारात पडला. मग म्हणाला, विहिरीत शेजाऱ्याचाही हिस्सा आहे, त्याच्याशी बोलल्याशिवाय बागायती लावणं काही खरं नाही. आणि मागच्या सालच्या पऱ्हाट्या बांधावर अजून तशाच पडल्यात, अळी त्यातच लपून बसते, त्या आधी हलवायला हव्यात. यातलं काही पत्त्यांनी सांगितलं का? मला नाही वाटत. पण वेटचं पान बघून तो नुसता बघत उभा राहिला असता आणि थॉथचं बघून आत घरात निघून गेला असता, हे मी पाहिलं होतं.

कोणता कॅट खरा, असं मला नेहमी विचारतात. आता मी प्रश्न कोणाचा आहे ते बघून पिशवीत हात घालते. मन मोकळं करायला आलेल्याला वेट. स्वतःशीच भांडण असेल तर थॉथ, तोही त्या माणसाला आधी विचारून. जमीनजुमला, देणंघेणं, पाणी-पाळी असेल तर मार्सेय. एका बैठकीत कॅट बदलायचा नाही. आखाजीला बदलला, तो अपवाद.

(दृश्य : संध्याकाळ. ओसरी. घागरीखालची दोन ढेकळं ओली.)

दिवेलागणीला मामा परत आला आणि मार्सेयचा कॅट मागून घेतला. एकेक पान बघत त्यानं हुकमाची बावीस पानं बाजूला काढून मला परत दिली. मग चारही घोडेस्वार काढले. हातातली पानं मोजली, पुन्हा मोजली.

"बावन्न व्हयनात," म्हणाला, आणि पिसत पिसत पाराकडे बघून विचारलं, "वाटू का?"