भिंतीपाशी ऐकलेला सामना

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात ओकलंड नावाचा भाग आहे. विद्यापीठाचा, इस्पितळांचा, कायम गजबजलेला. तिथे रस्त्याच्या कडेला विटांची एक जुनी भिंत उभी आहे. वेलींनी वेढलेली, तांबूस, मधेमधे रंग उडालेली. एका ठिकाणी पांढऱ्या अक्षरांत 457 हा आकडा रंगवलाय. शेजारी उंच ध्वजस्तंभ आणि हिरवळीची अरुंद पट्टी. त्या भिंतीच्या आत एके काळी फोर्ब्स फील्ड नावाचं बेसबॉलचं मैदान होतं, आणि होम प्लेटपासून, म्हणजे फटका मारणारा उभा राहतो त्या जागेपासून, भिंतीचं अंतर त्या जागी 457 फूट भरत असे. मैदान 1909 साली सुरू झालं, 1970 मध्ये तिथला शेवटचा सामना झाला, पुढच्याच वर्षी ते पाडलं. एवढा तुकडा मात्र राहिला.

दर वर्षी 13 ऑक्टोबरला तिथे माणसं जमतात. कुणी घडीची खुर्ची आणतं, कुणी नातवाला घेऊन येतं, कुणी पिट्सबर्ग पायरेट्स संघाची जुनी जर्सी घालून येतं. दुपारी एक वाजता 1960 साली याच दिवशी याच जागी झालेल्या सामन्याचं रेडिओ समालोचन लावतात. सगळंच्या सगळं. निकाल प्रत्येकाला तोंडपाठ असतो, तरी माणसं अडीच तास बसून राहतात. आणि घड्याळात तीन वाजून छत्तीस मिनिटं झाली की समालोचकाच्या आवाजात सामना संपवणारा तो फटका पुन्हा बसतो. 1960 मध्ये तो बसला, त्याच मिनिटाला.

याची सुरुवात 1985 साली झाली. पायरेट्सचा एक चाहता टेपरेकॉर्डर घेऊन त्या ध्वजस्तंभाच्या पायाशी एकटाच बसला आणि त्यानं पूर्ण सामना ऐकला. पुढच्या वर्षी पुन्हा आला. त्याच्यापुढच्या वर्षीही. हळूहळू लोकांना कळलं, एकाचे दोन झाले, दोनाचे शेकडो झाले. कुठल्या क्लबनं आखलेला हा कार्यक्रम नव्हता, तिकीट नव्हतं, व्यासपीठ नव्हतं. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकलेली पिढी आपल्याकडे आहे. ऐकलेला खेळ मनात किती खोल जाऊन बसतो, हे त्या पिढीला वेगळं सांगायला नको.

आता त्या सामन्याकडे वळू. बेसबॉल ज्यांना परका आहे, त्यांच्यापुरतं थोडक्यात सांगतो. सामना नऊ डावांचा. प्रत्येक डावात आधी पाहुणे बॅटिंग करतात, मग यजमान, आणि तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. पिचर चेंडू टप्पा न पाडता फेकतो. फटका मारून चार तळांना फेरी घालून परत आलात की एक धाव. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर होमरन: मारणारा आणि आधीपासून तळांवर उभे असलेले त्याचे साथीदार, सगळ्यांच्या धावा पक्क्या. एवढं पुरे.

वर्ल्ड सिरीज म्हणजे मोसमाची अंतिम लढत. सातपैकी चार सामने जिंकेल तो विजेता. 1960 मध्ये एका बाजूला न्यूयॉर्क यांकीज होते. 1949 ते 1958 या दहा वर्षांत सात वेळा अजिंक्यपद मिळवलेला संघ. मिकी मँटल, रॉजर मॅरिस, योगी बेरा असे एकाहून एक खंदे खेळाडू. दुसऱ्या बाजूला पोलादाच्या भट्ट्यांचं शहर पिट्सबर्ग, ज्यानं 1925 नंतर अजिंक्यपद पाहिलं नव्हतं. 1927 मध्ये अंतिम लढतीपर्यंत मजल मारली, तर याच यांकीजनी ओळीनं चार सामने जिंकून पार धुव्वा उडवला होता.

आणि 1960 ची ही मालिका आकड्यांत पाहिली तर चक्रावायला होतं. यांकीजनी तीन सामने जिंकले ते 16-3, 10-0 आणि 12-0 असे. पायरेट्सनी पहिले तीन विजय मिळवले ते 6-4, 3-2 आणि 5-2 असे. म्हणजे हरताना धूळधाण आणि जिंकताना जेमतेम. सातही सामन्यांची बेरीज केली तर यांकीजच्या धावा 55 आणि पायरेट्सच्या 27. मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून यांकीजच्या बॉबी रिचर्डसनची निवड झाली. हरलेल्या संघातल्या खेळाडूला हा मान मिळाल्याचं वर्ल्ड सिरीजच्या इतिहासातलं ते एकमेव उदाहरण आहे.

13 ऑक्टोबर, गुरुवार. सातवा सामना. मैदानात छत्तीस हजारांवर माणसं. पायरेट्सनी दोन डावांत 4-0 अशी आघाडी घेतली. सहाव्या डावात योगी बेराच्या तीन धावांच्या होमरननं यांकीज 5-4 असे पुढे गेले. आठव्यात त्यांनी आणखी दोन धावा जोडल्या, 7-4. सामना हातचा गेला असं पिट्सबर्गकरांना वाटलं असणार.

मग आठव्या डावाचा उत्तरार्ध आला, आणि इथे मला जरा थांबायचंय, कारण माझ्या मते त्या दुपारचा खरा जीव या डावात आहे. पहिला गडी तळावर पोचलेला. बिल व्हर्डनचा फटका जमिनीवरून सरळ यांकीजच्या टोनी कुबेककडे गेला. एका दमात दोन गडी बाद व्हावेत असा सोपा चेंडू. पण जमीन टणक होती. चेंडू अचानक उसळला आणि कुबेकच्या गळ्यावर बसला. तो कोसळला, त्याला बोलता येईना, मैदानाबाहेर न्यावं लागलं. दोन गडी बाद होण्याऐवजी दोघंही तळावर सुखरूप. डिक ग्रोटनं एक धाव आणली. मग रॉबर्टो क्लेमेंटेनं चेंडू जेमतेम पहिल्या तळाच्या दिशेनं ढकलला आणि जीव खाऊन पळत सुटला. तळावर धावून जाण्याचं काम पिचरचं होतं. तो पोचला नाही, क्लेमेंटे पोचला. आणखी एक धाव, 7-6.

आता बॅट घेऊन आला हॅल स्मिथ. राखीव यष्टिरक्षक म्हणा हवं तर. नेहमीच्या कॅचरच्या जागी नुकताच मैदानात उतरलेला. दोन गडी बाद झालेले, स्मिथच्याही दोन स्ट्राइक, म्हणजे तीनपैकी दोन संधी गेलेल्या. आणखी एक चुकली की डाव संपला. स्मिथनं चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे भिरकावला. तीन धावा. पायरेट्स 9-7.

हा फटका आज किती जणांना आठवतो? सामना तिथेच संपला असता तर पुतळा स्मिथचा उभा राहिला असता. पण नवव्या डावात यांकीजनी पुन्हा दोन धावा काढून 9-9 अशी बरोबरी साधली. त्यातली दुसरी धाव मँटलच्या चपळाईची. पहिल्या तळाशी बाद होता होता त्यानं सूर मारून अंग चुकवलं, आणि तेवढ्यात तिसऱ्या तळावरचा गडी होम प्लेटला पोचला. स्मिथचा होमरन इतिहासाच्या दुसऱ्या रांगेत ढकलला गेला. म्हणूनच भिंतीपाशी बसून अख्खा सामना ऐकण्याच्या रीतीला मी इतकं मानतो. दहा सेकंदांच्या चित्रफितीत शेवटचा फटका दिसतो. कुबेकचा गळा, क्लेमेंटेची धाव, स्मिथची दोन स्ट्राइकनंतरची बॅट ही अडीच तास ऐकणाऱ्यालाच भेटतात.

नवव्या डावाच्या उत्तरार्धात पायरेट्सचा पहिला बॅटर होता बिल मॅझरॉस्की. वय 24. मोठे फटके मारणारा म्हणून त्याची ख्याती कधीच नव्हती. त्याचं नाव होतं ते दुसऱ्या तळापाशी चेंडू झेलून क्षणात पुढे फेकण्याच्या कसबासाठी. चेंडू त्याच्या हातमोज्यात शिरतो कधी आणि सुटतो कधी, ते कळत नसे म्हणतात. समोर पिचर राल्फ टेरी. पहिला चेंडू उंच गेला. दुसरा मॅझरॉस्कीनं उचलला.

डावीकडे योगी बेरा मागे मागे धावला, भिंतीवरून आदळून चेंडू परत येईल या हिशेबानं वळला, आणि मग नुसता पाहत राहिला. मॅझरॉस्कीही चेंडू भिंतीला लागेल असंच समजून जोरात पळत होता. पहिला तळ ओलांडल्यावर त्याला कळलं की चेंडू पलीकडे गेलाय. मग हात गरागरा फिरवत, उड्या मारत तो धावला. प्रेक्षक मैदानात उतरून त्याच्या मागे लागले. 10-9. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना होमरनवर संपण्याची ती पहिली वेळ, आणि आजवरची एकमेव.

त्या क्षणाचं एक छायाचित्र मला फार आवडतं. जॉर्ज सिल्क या छायाचित्रकारानं ते जवळच्या विद्यापीठाच्या उंच मनोऱ्यावरून काढलंय. पुढे गच्चीच्या कठड्याला रेलून हात उंचावणारी, ओरडणारी मुलं, आणि त्यांच्या पलीकडे खाली खोलवर, तळहाताएवढं मैदान.

रेडिओवर त्या वेळी चक थॉम्पसन बोलत होता, आणि त्या जल्लोषात त्याची जीभ दोनदा घसरली. टेरीऐवजी त्यानं आर्ट डिटमार या भलत्याच पिचरचं नाव घेतलं, आणि निकाल सांगताना 10-9 ऐवजी 10-0 म्हणून गेला. पुढे आठवण म्हणून या समालोचनाची तबकडी निघाली, तेव्हा दुरुस्त करून पुन्हा बोलायची संधी त्याला मिळाली होती. त्यानं ती घेतली नाही, जसं आहे तसं राहू दिलं. मला त्याचा हा निर्णय पूर्ण पटतो. भिंतीपाशी बसलेल्या लोकांना दर वर्षी डिटमारचंच नाव ऐकू येतं, आणि ते त्यांना तसंच हवं असतं. बिचाऱ्या डिटमारला मात्र ते सलत राहिलं. एका बिअरच्या जाहिरातीत ते समालोचन वापरलं गेलं तेव्हा तो कोर्टात गेला, पण दावा टिकला नाही.

दूरचित्रवाणीवर तर आणखी गंमत झाली. पिट्सबर्गचा लाडका समालोचक बॉब प्रिन्स मुलाखती घ्यायला खाली खेळाडूंच्या खोलीकडे निघाला होता, त्यामुळे होमरन त्याला दिसलाच नाही. गर्दीत मॅझरॉस्की पुढे आला, प्रिन्सनं त्याला कसं वाटतंय एवढं विचारलं आणि पुढच्या माणसाकडे वळला. सामना यानंच जिंकून दिलाय, याचा त्याला पत्ताच नव्हता!

सामन्याचं पूर्ण चित्रण कित्येक वर्षं हरवलेलं मानलं जात होतं. गायक बिंग क्रॉसबी पायरेट्सच्या मालकांपैकी एक. ताण सोसवणार नाही म्हणून तो त्या दिवशी पॅरिसला निघून गेला आणि तिथे रेडिओवर सामना ऐकला. नंतर पाहता यावा म्हणून त्यानं दूरचित्रवाणीवरचा सामना चित्रफितीवर उतरवून घेतला होता. 2009 च्या अखेरीस, क्रॉसबी जाऊन बत्तीस वर्षं झाल्यावर, त्याच्या घराच्या तळघरात ती रिळं सापडली.

राल्फ टेरीबद्दल सांगायलाच हवं. आपण शारजाची 1986 ची ती संध्याकाळ पाहिलीय. शेवटचा चेंडू, चार धावा हव्या आणि मियाँदादचा षटकार. चेतन शर्माला लोकांनी काय काय बोलून घेतलं! पण पुढच्याच वर्षी नागपूरला त्यानं न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक घेतली. टेरीचंही तसंच झालं. 1962 मध्ये वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना पुन्हा त्याच्याच हातात आला. त्यानं पूर्ण नऊ डाव पिचिंग केलं आणि यांकीजनी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सना 1-0 असं हरवलं. त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू टेरीच ठरला.

मॅझरॉस्कीला 2001 मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. भाषणाला उभा राहिला, थोडकं बोलला, रडू कोसळलं आणि कागद बाजूला ठेवून खाली बसला. 2010 मध्ये, पन्नास वर्षं झाली तेव्हा, तो आणि त्याचे काही साथीदार भिंतीपाशी आले, आणि चाहत्यांनी तिथला रस्ता भरून टाकला. पायरेट्स हा संघ आपल्याला अगदीच अनोळखी आहे असंही नाही. 2008 मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेकीत वाढलेल्या पोरांना याच संघानं करारबद्ध केलं होतं.

त्या सामन्याचं रेडिओ समालोचन आज इंटरनेटवर ऐकायला मिळतं. भिंतीपाशी ते लागतं तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. तेव्हा येत्या 13 ऑक्टोबरला जेवणखाण आटपून रात्री साडेदहाला ते लावा. पहिले काही डाव बेसबॉलची भाषा कानाला नवी वाटेल, मग ओळखीची होईल. हॅल स्मिथचा फटका मध्यरात्र उलटून गेल्यावर येतो, मॅझरॉस्कीचा एक वाजून सहा मिनिटांनी. घरात कुणी खेळवेडं असेल तर त्यालाही सोबत बसवा.

नमस्कार.