पंचावन्नाव्या वर्षी हॉलिवूड: कॅथरीन जूस्टन

नमस्कार श्रोतेहो.

१९९५ साली कॅथरीन जूस्टन नावाच्या एक बाई बाडबिस्तरा आवरून हॉलिवूडला मुक्कामाला गेल्या. वय वर्षं पंचावन्न. दोन मुलं हाताशी आलेली, घटस्फोटाला बराच काळ लोटलेला आणि ठरलेलं असं एकही काम हातात नाही. चाळिशी उलटली की ज्या गावात भल्याभल्या नट्यांना कुणी विचारत नाही, त्या गावात या बाई नवोदित म्हणून दाखल झाल्या. पुढची सतरा वर्षं त्या अमेरिकन टेलिव्हिजनवर दिसत राहिल्या आणि दोनदा एमी या तिथल्या टेलिव्हिजनच्या मानाच्या पुरस्काराच्या मानकरी ठरल्या. आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे. नाव कदाचित तुम्ही ऐकलं नसेल. पण इंग्रजी मालिका ज्यांनी थोड्याफार पाहिल्या आहेत, त्यांना चेहरा दिसला की लगेच आठवेल: बारीक चणीची, करड्या केसांची, चष्म्याआडून रोखून बघणारी म्हातारी.

जूस्टनबाईंचा जन्म २० डिसेंबर १९३९चा. शिक्षणाने त्या नर्स. शिकागोच्या मायकेल रीज हॉस्पिटलमध्ये त्या मनोरुग्णांच्या विभागात काम करायच्या. तिथल्या नर्सचं काम औषधाच्या वेळा पाळून भागत नाही. समोरचा माणूस चिडला, रडला, अंगावर धावून आला तरी आपला आवाज चढू द्यायचा नाही. तो काय बोलतोय ते ऐकायचं आणि काय बोलायचं टाळतोय तेही टिपायचं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे पडद्यावर त्यांचं जे ऐकणं दिसतं, त्याची तालीम मला वाटतं इथेच झाली.

लग्न झालं ते एका मानसोपचारतज्ज्ञाशी. मग घर, उपनगर, मुलं. संसार टिकला नाही. दोन मुलांना वाढवायचं म्हणून मिळतील ती कामं त्यांनी केली. या सगळ्या धबडग्यात एक गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली होती. त्यांची आई कॅन्सरने गेली, तेव्हा शेवटच्या दिवसांत ती राहून गेलेल्या गोष्टींबद्दल हळहळत होती. पुढे करू, पुढे करू म्हणत ज्या कधी केल्याच नाहीत, त्या गोष्टी. आपल्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही असं मुलीने ठरवलं आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ती हौशी नाटकांत उभी राहिली. शिकागोजवळच्या गावातली स्थानिक मंडळी बसवतात तसली नाटकं. पैसा नाही, प्रसिद्धी नाही, पण रंगमंच खरा.

तिथून दहा वर्षांनी, १९९२मध्ये, फ्लोरिडातल्या डिस्नेच्या उद्यानात त्यांना नोकरी मिळाली. काम होतं रस्त्यावरच्या कलाकाराचं. जुन्या जमान्यातल्या हॉलिवूडची पात्रं बनून पर्यटकांच्या गर्दीत फिरायचं आणि येईल त्याच्याशी उत्स्फूर्त संवाद रंगवायचा. उन्हातान्हात, लहान मुलांच्या कलकलाटात, लिहिलेली संहिता हाताशी नसताना! पन्नाशी ओलांडलेल्या बाईने हे हौसेने केलं आणि त्यानंतर हॉलिवूडचा रस्ता धरला. काही महिन्यांतच 'फॅमिली मॅटर्स' या विनोदी मालिकेत एक छोटं काम मिळालं. मग रांगच लागली: 'साइनफेल्ड', 'फ्रेझर', 'धर्मा अँड ग्रेग'. कुठे सेक्रेटरी, कुठे शेजारीण, कुठे कुणाची तरी आई.

आता हे पाहुण्या कलाकाराचं काम असतं कसं? अमेरिकेतला अर्ध्या तासाचा विनोदी भाग साधारण आठवड्याभरात उरकतो, तासाभराच्या मालिकेला आठ-नऊ दिवस लागतात. मुख्य कलाकार वर्षानुवर्षं एकत्र असतात, एकमेकांच्या सवयी त्यांना ठाऊक असतात. पाहुणी नटी सोमवारी सकाळी तिथे उगवते. कुणाशी ओळख नाही. तिच्या वाट्याला दोन किंवा तीन प्रसंग. त्यात नायकाला पुढे ढकलायचं, हशा घ्यायचा आणि तरीही आपलं पात्र खरं वाटेल असं उभं करायचं. नायिकेला चुकलेला प्रसंग पुढच्या भागात सावरता येतो, पाहुणीला पुढचा भागच नसतो. तिशीत एखादीला हे जमतं ते बुद्धीच्या आणि तालमीच्या जोरावर. जूस्टनबाईंपाशी जगलेलं आयुष्यच होतं. वॉर्डातल्या रात्री, मोडलेलं लग्न, आईचं मरण. उशिरा आल्यामुळे त्यांचं नुकसान झालं असं मी मानत नाही. त्यांची पुंजी उशिरा येण्यातच होती.

याचा सगळ्यात मोठा पुरावा 'द वेस्ट विंग' या मालिकेत आहे. आरन सॉर्किन यांनी निर्माण केलेली ही मालिका १९९९मध्ये सुरू झाली. व्हाइट हाउस, राष्ट्राध्यक्ष जेड बार्टलेट आणि त्यांची माणसं. राष्ट्राध्यक्षांच्या दालनाबाहेर टेबल असतं मिसेस लँडिंगहॅम यांचं. टेबलावर बिस्किटांची बरणी. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला भाजी खा म्हणून दटावण्याचा अधिकार या एकट्या बाईला. बार्टलेटच्या भूमिकेतले मार्टिन शीन आणि जूस्टनबाई यांची जुगलबंदी पाहताना चेहऱ्यावरचं हसू मावळत नाही.

पहिल्याच वर्षीच्या नाताळच्या भागात मात्र एक प्रसंग असा आहे, की तो मी कितीही वेळा पाहिला तरी घशात आवंढा येतो. राष्ट्राध्यक्षांचा तरुण मदतनीस चार्ली याला वाटतं, आज बाईंचं काही तरी बिनसलंय. तो विचारतो. त्या उभ्या उभ्या, रोजच्या आवाजात सांगतात: मला जुळी मुलं होती. दोघं मिळून डॉक्टरकी शिकत होती. शिक्षणाचं कारण देऊन सैन्यभरती पुढे ढकलता आली असती, आम्ही दोघांनी विनवलं, पण ती ऐकेनात. डॉक्टरांची जिथे गरज आहे तिथे जायचं म्हणून व्हिएतनामला गेली. १९७०च्या नाताळच्या आदल्या दिवशी दा नांगला दोघंही मारली गेली. तेव्हा त्यांचं वय साधारण तुझ्याएवढंच होतं, चार्ली. इतक्या गोळीबारात ती किती घाबरली असतील, त्या क्षणी त्यांना आई हवी असेल, हाच विचार सारखा मनात येतो. आणि मग त्या कामाला लागतात.

या प्रसंगात बाई रडत नाहीत. आवाज एकदाच किंचित हलतो आणि तोही त्या लगेच सावरून घेतात. रडणं नटीला अवघड नसतं. दुःख जुनं झालंय, रोज अंगावर वागवलंय, आज फक्त त्याची तिथी आहे, हे दाखवणं फार कठीण. जेमतेम दीड-दोन मिनिटांचं काम, पण तिथून पुढे बिस्किटांची ती बरणी आपल्याला वेगळी दिसायला लागते. पोरं गेलेल्या घरातली आई आता राष्ट्राध्यक्षांसकट सगळ्या कचेरीला खाऊ-पिऊ घालते आहे, हे कुणी न सांगता कळतं.

मे २००१मध्ये हे पात्र मारलं गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच मिसेस लँडिंगहॅम यांनी कोरी गाडी घेतलेली असते. सरकारी नोकराने भेट घ्यायची नाही म्हणून किमतीत सवलतही न घेता! आणि त्याच गाडीला एक दारू प्यायलेला चालक येऊन धडकतो. पुढच्या भागात राष्ट्राध्यक्ष कोसळले आहेत, पुन्हा निवडणूक लढवायची नाही अशा विचारात आहेत. बाहेर वादळ. दालनाचं दार वाऱ्याने उघडतं, राष्ट्राध्यक्ष सवयीने बाईंच्या नावाने हाक मारतात आणि त्या आत येतात. भूत म्हणा, आठवण म्हणा. त्या बजावतात, की देव कुणाच्या गाड्या धडकवत नाही, तेव्हा माझं निमित्त करू नका. लढायचं नसेल तर खुशाल लढू नका. पण अवघड जाईल, हरू, म्हणून माघार घेणार असाल तर मला तुमची ओळखही नको. असा प्रसंग सहज नाटकी झाला असता. जूस्टनबाई तो कचेरीतल्या रोजच्या झापण्याच्या सुरात करतात, म्हणून तर तो काळजाला भिडतो.

त्याच वर्षी, ऑक्टोबर २००१मध्ये, 'स्क्रब्ज' या हॉस्पिटलमधल्या विनोदी मालिकेत त्या एका भागापुरत्या आल्या. मिसेस टॅनर, वय चौऱ्याहत्तर, मूत्रपिंडं निकामी. डायलिसिस नको म्हणतात. तरुण डॉक्टर जे. डी. हादरतो. अजून कितीतरी करायचं असेल म्हणून त्यांच्यासमोर यादी धरतो, तर यादीतलं सगळं बाईंनी आधीच करून झालेलं. शेवटी धीर देण्याची पाळी पेशंटवर येते. खाटेच्या त्या बाजूला नर्स म्हणून उभी राहिलेली स्त्री इथे या बाजूला पडून कोवळ्या डॉक्टरला समजावते आहे. यादी राहू द्यायची नाही हे तर तिने आईच्या अंथरुणापाशीच ठरवलेलं. लेखकांना हे ठाऊक होतं की नाही, माहीत नाही. बघणाऱ्याला मात्र त्याचं वजन जाणवतं.

'डेस्परेट हाउसवाइव्ज'मधल्या कॅरन मॅक्लस्कीने त्यांना घरोघरी पोचवलं. ही मालिका घडते त्या विस्टेरिया लेन या गल्लीतली खडूस, जिभेला धार असलेली शेजारीण. याच भूमिकेसाठी २००५ आणि २००८चे पाहुण्या अभिनेत्रीचे एमी मिळाले. निवृत्तिवेतन बुडू नये म्हणून मेलेल्या नवऱ्याला तळघरातल्या फ्रीजरमध्ये ठेवणारी ही बाई! इतकं अचाट कथानकही त्या अशा सरळ चेहऱ्याने निभावतात, की आपण तिच्या हिशेबाच्या बाजूने विचार करायला लागतो. वावटळीत तिची मैत्रीण आयडा गेल्यावर तिची रक्षा बेसबॉलच्या मैदानावर उधळायला निघालेली मॅक्लस्की मला अधिक आवडते. आधी पाहुणी म्हणून आलेलं हे पात्र शेवटपर्यंत मालिकेत राहिलं.

पडद्यामागची हकिकत खडतर आहे. पंचेचाळीस वर्षं सिगारेट ओढलेल्या जूस्टनबाईंना २००१मध्ये फुप्फुसाचा कॅन्सर झाला, त्यातून बऱ्या झाल्या, २००९मध्ये तो पुन्हा झाला. त्यांनी तो लपवला नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णाकडे लोक दोषी म्हणूनच बघतात, "ओढत होता ना, मग भोग" असं म्हणून मोकळे होतात. याविरुद्ध त्या जाहीरपणे बोलत राहिल्या. स्वतःच्या सिगारेटबद्दल मोकळेपणाने सांगूनही रुग्णाला उपचार आणि आपुलकी मिळायलाच हवी, असा आग्रह त्यांनी धरला. याबद्दल मला त्यांचा अतिशय आदर वाटतो. एमी देणाऱ्या टेलिव्हिजन अकादमीच्या नियामक मंडळावरही त्यांनी कलाकारांच्या प्रतिनिधी म्हणून काम केलं.

शेवटच्या वर्षी लेखकांनी मॅक्लस्कीलाही फुप्फुसाचा कॅन्सर दिला. जूस्टनबाईंनी ती भूमिका केली. ज्या आजाराने स्वतःला घेरलंय त्याच आजाराचं मरण कॅमेऱ्यासमोर करायला काय लागत असेल, ते मी सांगू शकत नाही. मालिकेचा अखेरचा भाग १३ मे २०१२ला लागला आणि त्यात कॅरन मॅक्लस्की आपल्या घरी शांतपणे गेली. वीस दिवसांनी, २ जूनला, कॅथरीन जूस्टन गेल्या. वय बहात्तर.

श्रोतेहो, तुम्हाला त्यांचं काम पाहायचं असेल तर 'स्क्रब्ज'च्या पहिल्या वर्षातला चौथा भाग आधी बघा. तो एकटा बघितला तरी कळतो आणि पुरा अर्धा तासही लागत नाही. मग 'वेस्ट विंग'चं पहिलं वर्ष सुरुवातीपासून घ्या, म्हणजे नाताळच्या भागापर्यंत मिसेस लँडिंगहॅम यांच्याशी तुमची चांगली ओळख झालेली असेल.

नमस्कार.