कायद्यातला 'उदाहरणार्थ'

मंडळी, नमस्कार.

गेल्या कोजागिरीला मसाला दुधाचे पेले हातात घेऊन आपण उभे होतो, तेव्हा आपल्यातल्या एक ताई म्हणाल्या, "आमच्या मुलाला शाळेत अख्खी टर्म मुघल शिकवले. महाराजांचं नावसुद्धा आलं नाही. पण करणार काय? सरकारी पैशावर चालणारी शाळा, सरकारनेच ठरवलेला अभ्यासक्रम."

त्यांची खंत मला पोचली. मी इथे इंग्लंडमध्ये एका प्राथमिक शाळेची गव्हर्नर, म्हणजे तिच्या व्यवस्थापन मंडळाची सदस्य आहे, म्हणून घरी गेल्यावर राष्ट्रीय अभ्यासक्रमातली माध्यमिकच्या इतिहासाची पानं काढली आणि ओळ न् ओळ वाचली. 11 ते 14 वयाच्या मुलांसाठी, म्हणजे की स्टेज 3 मध्ये, ब्रिटनबाहेरच्या जगातला किमान एक महत्त्वाचा समाज किंवा प्रश्न शिकवणं बंधनकारक आहे. कोणता, ते शाळेने ठरवायचं. पुढे कंसात 'उदाहरणार्थ' असं लिहून काही नावं दिली आहेत: 1526 ते 1857 चा मुघल भारत, चिंग घराण्याचा चीन, बदलती रशियन साम्राज्यं, विसाव्या शतकातली अमेरिका. ही उदाहरणं बंधनकारक नाहीत, असं तिथेच स्पष्ट म्हटलंय. या टप्प्याच्या इतिहासात नाव घेऊन सक्तीचा केलेला विषय एकच आहे, होलोकॉस्ट. तो असायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

म्हणजे मराठ्यांना कायद्याने वगळलेलं नाही. यादीत दिलेलं उदाहरण शाळेने उचललं, कारण त्याचे धडे तयार मिळतात. आणि मुघल शिकवायचे तरी मराठ्यांना बाजूला ठेवून 1526 ते 1857 पूर्ण कसं होणार? औरंगजेबाने शेवटची पंचवीस वर्षं दख्खनेत लढण्यात घालवली. 1772 मध्ये मुघल बादशहा शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर परत बसवलं ते महादजी शिंद्यांनी. इथल्या मुलांना वॉटर्लूचा वेलिंग्टन माहीत असतो. तोच माणूस त्याआधी 1803 मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला मराठ्यांशी लढला होता, हे सांगितलं तर वर्गातली इंग्रज मुलंसुद्धा कान टवकारतील.

आता कायदा नेमका काय म्हणतो ते सांगते. मी इंग्लंडपुरतं बोलते आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. राष्ट्रीय अभ्यासक्रम आला 1988 च्या कायद्याने, आणि आज चालू आहे त्याचा बराचसा भाग सप्टेंबर 2014 पासूनचा. पण त्याच्याही वर 2002 च्या शिक्षण कायद्याचं कलम 78 आहे. अभ्यासक्रम समतोल आणि व्यापक हवा, मुलांचा आणि समाजाचा आध्यात्मिक, नैतिक, सांस्कृतिक, मानसिक आणि शारीरिक विकास त्यातून साधला जावा, असं ते सांगतं. 'आणि समाजाचा' हे शब्द मला फार मोलाचे वाटतात.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं ॲकॅडमीत, म्हणजे स्थानिक कौन्सिलच्या अखत्यारीबाहेरच्या शाळांत आहेत, बहुतेक माध्यमिक शाळा आता ॲकॅडमीच आहेत. त्यांनाही पैसा सरकारच देतं, पण त्यांना कौन्सिलच्या शाळांसारखं राष्ट्रीय अभ्यासक्रमाने बांधलेलं नव्हतं. त्याही बांधल्या जाव्यात, अशी तरतूद डिसेंबर 2024 मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात होती. तरी समतोल आणि व्यापक अभ्यासक्रमाची अट त्यांनाही आहे. तेव्हा "आम्ही ॲकॅडमी आहोत" एवढ्या उत्तरावर परत फिरू नका.

माझ्या अनुभवातली एक गोष्ट सांगते. की स्टेज 2 मध्ये, म्हणजे 7 ते 11 वयात, पहिल्या संस्कृतींची तोंडओळख करून देऊन, सुमेर, सिंधू, इजिप्त आणि चीनचं शांग घराणं यांपैकी एक खोलात शिकवायची असते. माझ्या मुलीच्या शाळेत वर्षानुवर्षं इजिप्तच चालायचं. मी शिक्षिकेला विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "सिंधू शिकवायला माझी ना नाही, पण माझ्याकडे काही साहित्यच नाही." मग आम्ही तीन पालक बसलो. ब्रिटिश म्युझियममधल्या मुद्रांची माहिती काढली, नकाशा केला, प्रवरेकाठच्या दायमाबादला सापडलेल्या काशाच्या रथाचं चित्र दिलं. पुढच्या वर्षी वर्गात सिंधू संस्कृती आली. अर्ज, तक्रार, सह्यांची मोहीम, यातलं काही लागलं नाही.

म्हणून सुरुवात शाळेच्या वेबसाइटपासून करा. कोणत्या वर्षाला कोणत्या विषयात काय शिकवतात, ते तिथे देणं कौन्सिलच्या शाळांना कायद्याने बंधनकारक आहे. ते वाचून वर्गशिक्षकांना किंवा विषयप्रमुखांना भेटा, आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. पहिल्या महायुद्धाचा धडा असेल तर सहाव्या पूना डिव्हिजनबद्दल दोन पानं घेऊन जा. इराकमधल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकून 29 एप्रिल 1916 ला शरण गेलेल्या त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. दुसऱ्या महायुद्धासाठी यशवंत घाडगे यांचं नाव द्या. जुलै 1944 मध्ये इटलीत ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इंग्लंडच्याच युद्धाचा हा भाग आहे, तो वेगळा जोडावा लागत नाही.

धर्मशिक्षणाचं थोडं वेगळं आहे. ते सगळ्या सरकारी शाळांना सक्तीचं आहे, पण राष्ट्रीय अभ्यासक्रमात बसत नाही. कौन्सिलच्या बहुतेक शाळांत ते स्थानिक पातळीवर ठरतं, आणि त्यासाठी प्रत्येक कौन्सिलकडे 'सॅक्रे' नावाची सल्लागार समिती असते. तिच्यात ख्रिस्ती धर्माखेरीज इतर धर्मांच्या प्रतिनिधींनाही जागा आहे. मुलाला या तासातून बाहेर काढण्याचा हक्क पालकांना आहे, आणि काहीजण तो वापरतात. मला ते पटत नाही. वारी म्हणजे काय, हे वर्गाला कळावं असं वाटत असेल तर त्या समितीत जाऊन बसावं. सभा लोकांसाठी खुल्या असतात, तारखा कौन्सिलच्या वेबसाइटवर सापडतील.

राहिली भाषा. 7 ते 11 वर्षांच्या मुलांना परकी भाषा शिकवणं 2014 पासून सक्तीचं आहे, आणि ती कोणतीही चालते. कागदावर मराठीसुद्धा. पण शिक्षक हवेत, आणि पुढे जीसीएसई, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या सुमाराची शालेय परीक्षा हवी. मराठीची जीसीएसई नाही. बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दूची आहे. त्यातल्या काही परीक्षा दहा वर्षांपूर्वी बंद व्हायला आल्या होत्या, पालक आणि शिक्षकांनी आवाज उठवला आणि त्या टिकल्या. आपल्या रविवारच्या मराठी वर्गाची पटसंख्या म्हणूनच महत्त्वाची आहे. उद्या परीक्षा मंडळाशी बोलायची वेळ आली, तर तेच पहिल्यांदा विचारतील, मुलं किती बसणार?

त्या ताईंच्या मुलाच्या इतिहासशिक्षकांना आम्ही दोघी पुढच्या महिन्यात भेटणार आहोत. असईवरचं टिपण मी लिहिते आहे. महादजींवर कोणी लिहून देईल का?