थर्ड शिफ्ट
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : रात्रीचे पावणेदहा. चिंचवडमधलं दोन खोल्यांचं घर. ओट्यावर झाकून ठेवलेलं ताट.]

माझा दादा रात्री दहाला कामाला बसायचा आणि अडीचच्या सुमारास उठायचा. आमच्या घराला या वेळा नव्या नव्हत्या. बाबांनी भोसरीच्या एका कारखान्यात ३१ वर्षं शिफ्टमध्ये काढली. दिवसा पडदे ओढायचे, कुकरच्या शिट्ट्या त्यांच्या झोपेत होऊ द्यायच्या नाहीत, दार हळू लावायचं, हे आम्हा भावंडांना लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. त्यामुळे दादाने नोकरी सोडून ऑनलाइन पोकर धरलं, तेव्हा बाबांना खेळ कळला नाही, पण वेळ कळली. कुणी विचारलं तर ते एवढंच सांगायचे, "त्याची थर्ड शिफ्ट असते."

हे चित्रीकरण मी २०२३ च्या उन्हाळ्यात सुरू केलं. माझा प्रश्न सोपा होता : दादा खरंच चांगला खेळतो का? या प्रश्नाचं उत्तर मिळायला एवढा वेळ का लागतो, ते मला दोन वर्षांत कळलं. तेच सांगायचं आहे.

[दृश्य : लॅपटॉपचा पडदा. एकाच वेळी उघडलेली चार टेबलं.]

दादा खेळायचा त्या पोकरच्या प्रकाराचं नाव टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते. मग मध्ये तीन उघडे पत्ते, तो फ्लॉप. चौथा टर्न, पाचवा रिव्हर. या सातांतून ज्याचे पाच पत्ते सगळ्यांत भारी, त्याचा पॉट, म्हणजे मध्ये जमलेले सगळे पैसे. मधल्या प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, नाहीतर पत्ते टाकून द्यायचे. नियम अर्ध्या तासात येतात.

बावन्न पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होतात. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा हाती लागते. उरलेल्या वेळी माणूस काय करतो, यावर त्याचं घर चालतं. दादा चारातले तीन डाव पहिल्याच फेरीत टाकून द्यायचा. माझी एक मैत्रीण पहिलं फुटेज बघून म्हणाली, "अगं, पण हा खेळतोय कधी?" टाकून देणं हेच त्याचं काम होतं आणि ते तासन्‌तास न कंटाळता करायचं, हे मला तिला समजावून सांगावं लागलं.

एक डाव मी कॅमेऱ्यात पूर्ण पकडलाय. टर्नपर्यंत चार बदाम दादाला दिसत होते, दोन हातात आणि दोन टेबलावर. पाचवा बदाम आला की फ्लश, म्हणजे पाचही पत्ते बदामाचे, भारी हात. पॉटमध्ये ₹२,००० होते. समोरच्याने आपल्याजवळचे शेवटचे ₹१,००० पुढे सारले. दादा हळू आवाजात हिशोब करतो, तो माईकवर ऐकू येतो : "हजार घालून तीन हजार मिळवायचे. म्हणजे चारात एकदा तरी लागायला हवं. न दिसलेले पत्ते ४६, त्यात बदाम ९. पाचातही एकदा नाही." आणि तो पत्ते टाकून देतो.

मग मी त्याला एक सवय विचारते. डाव सोडल्यावर तो पुढचा पत्ता बघतच नाही. टेबलावर डाव पुढे चालू असला तरी नजर दुसऱ्या टेबलावर नेतो. तो म्हणतो, "आला असता बदाम, तरी माझं चुकलं नसतं. आणि नसता आला, तरी त्यामुळे मी बरोबर ठरलो नसतो."

[दृश्य : दुपार. दुर्गा टेकडीवरून उतरणारा दादा. नंतर घरात, वहीसमोर.]

अकराला उठायचं. दुर्गा टेकडीला एक चक्कर. जेवण. दोन ते चार अभ्यास. रात्री ज्या डावांवर त्याने खूण केलेली असायची, ते सॉल्व्हर नावाच्या प्रोग्रॅममध्ये घालून बघायचे. त्या ठिकाणी किती वेळा पैसे लावायला हवे होते, किती वेळा नुसतं पुढे जायला हवं होतं, याची टक्केवारी तो देतो. २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्गच्या कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस' या प्रोग्रॅमने चार नामांकित खेळाडूंना २० दिवसांत, १,२०,००० डाव खेळून हरवलं. दोन वर्षांनी 'प्लुरिबस' आला आणि सहा जणांच्या टेबलावरही यंत्र जिंकलं. त्यानंतर अंगभूत हुशारीवर पोट भरायचे दिवस संपत गेले. अभ्यास न करणारा मागे पडू लागला. दादाचे दोन मित्र, एक नागपूरचा, एक कोल्हापूरचा, रोज चार वाजता फोनवर यायचे आणि तिघं एकेका डावावर वीस-वीस मिनिटं भांडायचे. मला त्या भांडणांतला आनंद फार आवडायचा. गणिताच्या शिकवणीत हुशार मुलं भांडतात तसं.

वहीत चार रकाने होते. तारीख, किती डाव, किती रुपये, आणि शेवटचा रकाना : कसा खेळलो. तिसरा आणि चौथा रकाना जुळतातच असं नाही. 'वजा ₹१४,०००. चांगला.' अशी नोंद आहे. 'अधिक ₹२२,०००. वाईट. रागात खेळलो, नशिबाने वाचलो.' अशीही आहे.

आता त्या आकड्यांबद्दल. इथे जरा थांबते, कारण सगळं यातच आहे.

दादा ₹२५–₹५० च्या टेबलावर खेळायचा. प्रत्येक डावाआधी दोघांनी सक्तीने लावायच्या या दोन रकमा, त्यातली मोठी, ₹५० ची, ती बिग ब्लाइंड. टेबलावर बसायला, म्हणजे बाय-इनला, ₹५,०००. चार टेबलं मिळून तासाला सुमारे २८० डाव. महिन्याला २५,००० च्या आसपास. चांगला खेळाडू शंभर डावांमागे चार बिग ब्लाइंड, म्हणजे ₹२०० मिळवतो असं धरलं, तर महिन्याची अपेक्षा ₹५०,०००. ऐकायला पगार वाटतो. पण पत्त्यांचे चढउतार एवढे मोठे असतात, की त्याच महिन्यात ₹७५,००० इकडे किंवा तिकडे जाणं अगदी सामान्य आहे. हिशोब केला तर असा खेळाडूसुद्धा चारातला एक महिना तोट्यात काढतो. त्याची काहीही चूक नसताना. एक लाख डावांनंतरही, चांगला खेळूनही, तो वजाबाकीत असण्याची शक्यता अकरात एक उरते.

आमच्या घरात दर महिन्याच्या सात तारखेला पगार यायचा. तीस तारखेला दूधवाला, एक तारखेला सोसायटीचा मेंटेनन्स. घर महिन्यावर चालतं. पोकरचं खरं मात्र लाखांच्या डावांत कळतं. या दोन घड्याळांच्या मधोमध माझा भाऊ राहत होता. आई विचारायची, "या महिन्याचं कसं झालं रे?" आणि त्याला खरं उत्तर देता यायचं नाही. महिन्याला उत्तरच नसतं.

म्हणूनच त्याने दोन खाती वेगळी ठेवली. खेळाच्या पैशात कायम पन्नास बाय-इन, ₹२,५०,०००, त्याला हात लावायचा नाही. घरखर्चाच्या खात्यात सहा महिन्यांची रक्कम. महिना कसाही जावो, आईच्या हातात ठरलेले ₹२५,०००. २००३ साली क्रिस मनीमेकर नावाच्या अमेरिकन अकाउंटंटने ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून वाट काढत लास वेगासची जागतिक स्पर्धा आणि २५ लाख डॉलर जिंकले. त्या बातमीने जगभरातली पोरं या खेळात आली. दोन खात्यांची गोष्ट मात्र कुणाच्या बातमीत येत नाही. माझ्या मते दादाने या खेळात केलेलं सगळ्यांत मोठं काम हेच.

[दृश्य : पाऊस. बंद लॅपटॉप. दादा कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेला.]

२०२४ चा जुलै. सात आठवडे सलग तोटा. तीस बाय-इन, म्हणजे ₹१,५०,०००, गेलेले. एका रात्री त्याने स्वतःचा नियम मोडला. सगळं एका झटक्यात भरून काढायला चौपट मोठ्या टेबलावर बसला. ₹१००–₹२००, बाय-इन ₹२०,०००. चाळीस मिनिटांत ₹८०,००० गेले. खेळाडू याला टिल्ट म्हणतात : डोकं तिरकं होतं आणि तिरकं झालंय हे डोक्यालाच कळत नाही. वहीत त्या तारखेपुढे शेवटचा रकाना कोरा आहे.

सकाळी सहाला बाबा चहा करत होते. दादाने त्यांना आकडा सांगितला. मी दारात होते, कॅमेरा बंद होता. बाबा रागावतील असं मला वाटलं. त्यांनी गॅस बारीक केला आणि विचारलं, "गरम झालेलं कळलं होतं का तुला?"

"पहिल्या वीस हजारांनंतर कळलं होतं."

"मग मशीन बंद का नाही केलं? आमच्याकडे बेअरिंगचा आवाज बदलला की लाल बटण दाबायचं. प्रॉडक्शनचं काय होईल ते सुपरवायझर बघेल."

त्या दिवशी दादाने लॅपटॉपच्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. एका रात्रीत तीन बाय-इन गेले की उठायचं. नंतरच्या वर्षभरात तो त्या पट्टीमुळे सतरा वेळा उठला. मी वहीतून मोजलंय.

[दृश्य : पडद्यावरचं टेबल. खेळाडूंची नावं झाकलेली.]

एक प्रश्न मी बरेच महिने विचारायचं टाळला. पोकरच्या टेबलावर पैसा तयार होत नाही. एकाचा जातो तेव्हाच दुसऱ्याला येतो, आणि मधल्या मधे साइट बहुतेक पॉटमधून पाच टक्क्यांच्या आसपास रेक कापून घेते. म्हणजे दादाचे ₹५०,००० ज्यांच्या खिशातून येतात, ते यापेक्षा जास्त हरलेले असतात. पगाराच्या आठवड्यात टेबलं भरायची आणि पंधरा तारखेनंतर रोडावायची. आमच्या बाबांना ज्या तारखांना पगार व्हायचा, त्याच तारखा.

मी विचारलं, "दादा, समोर कोण आहे याचा विचार करतोस?"

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने एका खेळाडूबद्दल सांगितलं. रोज रात्री एक नंतर यायचा, थोडे थोडे पैसे भरायचा, हरायचा, पुन्हा भरायचा. एकदा चॅटमध्ये लिहिलं, 'भावा, हे शेवटचे दोन हजार.' दादाने ते दोन हजार जिंकले. दुसऱ्या रात्री तो पुन्हा आला, तेव्हा दादा टेबल सोडून उठला. "पण त्याने काय फरक पडला? माझ्या जागी दुसरा बसला असणार," असं तो म्हणाला. मी त्याला दिलासा दिला नाही. त्याने मागितलाही नाही. माझा भाऊ प्रामाणिकपणे खेळायचा, आणि तरीही त्या माणसाचे दोन हजार आमच्या घरात आले. या दोन्ही गोष्टी मला या माहितीपटात ठेवायच्या आहेत.

बाकीचं थोडक्यात. पगाराची स्लिप नाही म्हणून गृहकर्ज नाही. लग्नाच्या स्थळांना काय सांगायचं, हा आईचा कायमचा घोर. १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस, १ ऑक्टोबरपासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. हा जुगार की कौशल्य, हा वाद त्याहून जुना. रमीत कौशल्याचा भाग मोठा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटलं. पोकरबद्दल गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगारच ठरवला.

[दृश्य : २१ ऑगस्ट २०२५, रात्र. टीव्हीवर राज्यसभा. दादा आणि बाबा शेजारी शेजारी.]

ऑनलाइन गेमिंगचं विधेयक : बुधवारी लोकसभा, गुरुवारी राज्यसभा, शुक्रवारी राष्ट्रपतींची स्वाक्षरी. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचे असोत वा नशिबाचे. शिक्षा खेळणाऱ्याला नाही, खेळवणाऱ्याला : तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. त्याच आठवड्यात मोठ्या साइट्सनी टेबलं बंद केली. दादाने उरलेले पैसे काढून घेतले.

मी त्याला शेवटची बेरीज करायला सांगितली. चार वर्षं, अकरा लाख डाव. शंभर डावांमागे ३.१ बिग ब्लाइंड. इतक्या डावांनंतर नशिबाची शंका जवळजवळ उरत नाही. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं : हो, तो चांगला खेळत होता. उत्तर आलं त्या आठवड्यात ते काम उरलं नव्हतं. नागपूरचा मित्र गोव्याला गेला, मांडवीवरच्या कॅसिनोत खेळायला. तिथे खऱ्या टेबलावर तासाला तीसच डाव होतात. दादाने आकडेमोड केली : अकरा लाख डावांना, रोज आठ तास बसलं तरी बारा वर्षांहून जास्त. तो गेला नाही.

[दृश्य : गणपतीतली रात्र. मंडळाच्या मांडवामागे सतरंजी, जागरणाला बसलेली माणसं.]

सत्तावीसला गणपती बसले. तिसऱ्या रात्री मांडवात बदाम सातचा डाव मांडलेला. बाबांनी पत्ते पिसले, दादाला बोलावलं, "बस रे." पैसे नाहीत, हरणाऱ्याने सगळ्यांना चहा आणायचा.

अर्ध्या डावात दादा हातातल्या पानांकडे बघायचं थांबला आणि बाबांकडे बघू लागला.

"बाबा, किलवरची सत्ती तुम्ही दाबून ठेवलीय."

"ठेवलीय."

"माझी तीन पानं अडकलीत."

"माहीत आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी चौकटची दश्शी लावली.